कॅसेटमधला डग्गा

रविवारी सकाळी नाश्ता उरकला की आम्ही चार-पाच जण आपापल्या घरून एकेक कॅसेट पिशवीत टाकून साहेबांच्या घरी निघायचो. कॅसेट रिवाइंड करायची नाही, हा तिथला नियम होता.

साहेब म्हणजे नेरूळला आमच्या मागच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांच्या बैठ्या घरात एक उत्तम डेक होता आणि त्याला लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर. नियमही त्यांचाच. ते म्हणायचे, संग्रहातली सगळ्यात भारी कॅसेट आणून मला दाखवू नका, ती सगळ्यांकडे असते आणि कोणी ऐकत नाही. सध्या तुमच्या टेपमध्ये जी आहे ती काढून आणा, जिथं थांबलीय तिथूनच लावू. त्यामुळे कोण काय ऐकतंय एवढंच नाही, तर कसं ऐकतंय तेही सगळ्यांना कळायचं. एकदा एका नव्या गृहस्थांनी मोठ्या थाटात कुठल्याशा जुन्या घराण्याची दुर्मीळ कॅसेट आणली, तर सगळी फीत डाव्या चाकावर, दुकानातून आली तशी. गडी दोन मिनिटंसुद्धा ऐकून आला नव्हता. ते पुन्हा काही आले नाहीत. मला तेव्हा फार मजा वाटली होती. दुसऱ्याची लबाडी पकडली गेलेली बघायला मला आवडतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. नेरूळमध्ये निम्मे प्लॉट तेव्हा मोकळेच होते, आणि संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळाली तर नशीब. अशा ठिकाणी गाण्याची चार माणसं भेटणं म्हणजे चैनच. साहेब होते. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा असलेले काका होते, मूळचे साताऱ्याकडचे, पहाटेपासून लिलावात ओरडून घसा बसलेला आणि ऐकायला हवा असतो तो मात्र संथ ख्याल. उरणच्या बाई होत्या, तिकडच्याच कोकणी मुसलमान घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्या गझल आणि कव्वालीच्या कॅसेटी आणायच्या आणि बस चुकली तर रडवेल्या व्हायच्या. आणि मी. माझा नवराही अधूनमधून यायचा, तो साहेबांच्या घरच्या उपम्यासाठी.

या रविवारांची आठवण निघाली की लोकांना वाटतं मी आता हळवी होऊन गाण्यांबद्दल बोलणार. पण मला आधी आठवते ती भीती, आणि गाणं त्याच्या मागून येतं.

मी तुर्भ्याच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन, समोर बोर्ड. आवाजावरून माणूस ओळखायचा हे माझं काम, आणि त्यात मी तरबेज होते. साहेबांच्या घरी माझ्या कानांना मान होता. तंबोरा जरासा उतरलाय, पेटी स्वराला सोडून वाजतेय, कॅसेट किंचित जलद फिरतेय, असलं काही असलं की सगळे माझ्याकडे बघायचे. "ताईंना विचारा," असं म्हणायची पद्धतच पडली होती. मला ते आवडायचं हे कशाला लपवू? नोकरीत दुसऱ्यांचे फोन जोडायचे, घरी भाकऱ्या थापायच्या. त्या एका खोलीत मात्र माझा शब्द शेवटचा होता.

तर एका रविवारी काकांनी एक कॅसेट आणली. "ताई, ह्ये ऐका. आठवडाभर गाळ्यावर ह्येच लावलंय. हमाल बी माना डोलवत्यात." विलंबित ख्याल होता. आवाज सुरेख. मी थोडा वेळ ऐकलं आणि निकाल देऊन टाकला.

"काका, गायक चांगला आहे, पण रेकॉर्डिंग फसलंय. तबल्याची नुसती टिकटिक येतेय. डग्गा कुठाय? आणि तंबोऱ्याचा खर्जही खाल्लाय."

साहेबांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ ऐकलं. "खरं आहे," म्हणाले. "डग्गा नाहीच."

"मला मघापासून काहीतरी कमी वाटतच होतं," उरणच्या बाई म्हणाल्या.

काकांचं तोंड पडलं. "आयला, फसवलं की मला त्यानं."

ते कॅसेट घेऊन वाशीच्या दुकानात गेले, बटाट्याच्या भावासाठी भांडावं तसे भांडले आणि त्याच कॅसेटची दुसरी प्रत बदलून घेऊन पुढच्या रविवारी हजर झाले. ती लावली. मी मान हलवली. यातही डग्गा नाही. साहेबांनी मान हलवली, बाईंनी हलवली. काकांनी दुकानदाराला जाऊन असं काही सुनावलं की त्याने उरलेल्या सगळ्या प्रती माल खराब म्हणून परत पाठवून दिल्या. माझ्या शब्दावर! काकांचं मन मात्र त्या कॅसेटवरून उडालं. "तुमीच ठेवा, ताई. मला आता ऐकवत नाय," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

शनिवारी मला अर्धा दिवस असायचा. दुपारी जेवणं झाली, नवरा पेपर घेऊन बसला, मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. आमचा टेप लोखंडी कपाटावर ठेवलेला असायचा. मी काकांची कॅसेट लावून दिली आणि धूळ पुसायला घेतली. गाणं बरं चाललं होतं. कपाटाची वरची बाजू पुसायला फडकं उजव्या हातात घेतलं आणि तोल सांभाळायला डावा हात कपाटाच्या दारावर टेकवला.

दार थरथरत होतं. आधी वाटलं, खालून ट्रक गेला. मग लक्षात आलं की थरथर ठेक्यात आहे. समेवर जोरात, मधे हलकी, एके ठिकाणी घसरत जाणारी, डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढतात तशी. मी हात काढला. नुसती टिकटिक. हात परत ठेवला. डग्गा. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. कॅसेटमध्ये डग्गा होता. चांगला घुमत होता. माझ्या तळहाताला कळत होता आणि मला ऐकू येत नव्हता.

मी नवऱ्याला हाक मारली. "अहो, तुम्हाला तबल्यातला जाड आवाज ऐकू येतोय का? खालचा?"

"ते घुम् घुम् ना?" पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला. "येतंय की मघापासून. का? बंद करू?"

ज्या माणसाला भूप आणि भैरवी यातला फरक वीस वेळा सांगूनही कळला नाही, त्याला ऐकू येत होतं. मी खुर्चीवर बसले. हातातलं फडकं मी घट्ट धरून ठेवलं होतं, एवढं आठवतं.

आता इथे मला आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही.

माझी आई बहिरी होती. जन्मापासून नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिचं ऐकू येणं कमी होत गेलं. साताऱ्याजवळचं आमचं गाव. बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं, असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. आधी लोक तिच्याशी मोठ्याने बोलायचे. मग कंटाळले, आणि गरजेपुरतंच बोलायला लागले. ती स्वतः फार हळू बोलायची. किती मृदू बोलते, किती सोशिक आहे, असं पाहुणे कौतुकाने म्हणत. घरात सगळे हसले की तीही हसायची, अर्धा क्षण उशिरा, आणि मग आमच्यापैकी कुणाकडे तरी वळून विचारायची, काय झालं गं? आम्ही सांगायचो, "काही नाही."

काही नाही. मी हे शब्द तिला किती वेळा म्हटले असतील! दुष्टपणाने नाही. सगळं पुन्हा ओरडून सांगायचा कंटाळा यायचा, बस. ती मान हलवायची आणि तांदूळ निवडायला लागायची. ती गेली त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मला बहिरेपणाची एवढी भीती वाटत नव्हती. मला त्या दोन शब्दांची भीती वाटत होती. कोणीतरी कंटाळून माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, काही नाही.

त्या दुपारी नवरा झोपल्यावर मी घरभर हात लावत फिरले. वेड्यासारखी. कपाट, खिडकीची काच, पाण्याचा पाइप. मग फ्रिज. आमचा फ्रिज नवा होता आणि अजिबात आवाज करत नाही म्हणून मी शेजारणीला छातीठोक सांगितलं होतं. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिली होती, तेव्हा मला वाटलं, जळतेय. मी फ्रिजच्या दारावर तळहात ठेवला. आत गिरणी चालू असावी तसा तो थरथरत होता.

सोमवारी कामावर गेले तर सगळं ठीक! हेडफोनमध्ये प्रत्येक शब्द स्वच्छ. बसमध्ये तर इंजिनाच्या गोंगाटात मागच्या सीटवरच्या दोन बायकांचं सासूपुराण मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं. मी स्वतःला सांगितलं, बघ, उगाच टेन्शन घेतेस. आणि संध्याकाळी घरी, शांत खोलीत, नवरा दोन हातांवरून काहीतरी म्हणाला आणि मला नुसते ओठ दिसले. गोंगाटात ऐकू येतं आणि शांततेत येत नाही, हे कुठलं बहिरेपण? मला वाटायला लागलं की माझ्या कानांचं नाही, डोक्याचंच काहीतरी बिघडलंय. ती भीती आणखी वेगळी. कुणाला सांगायचीही सोय नाही.

नवऱ्याने एकदा म्हटलं, "हल्ली फार हळू बोलतेस. तब्येत बरी आहे ना?" ऑफिसातली एक जण म्हणाली, तुम्ही किती शांत झालात. मी, जिच्या जिभेला आमची सगळी सोसायटी वचकून होती, ती मी शांत! मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिले. आईचाच चेहरा दिसला. लोक म्हणतात तू आईसारखी दिसतेस तेव्हा बरं वाटायचं, त्या दिवसापासून वाटेनासं झालं.

घरात एकाच गोष्टीचा आधार होता. माझं आणि मुलीचं टीव्हीच्या आवाजावरून कधी भांडण झालं नाही. ती आवाज लावायची तो मला बरोबर वाटायचा. भांडायचा तो तिचा बाप. "अरे, खालच्या मजल्यावरचे येतील वर, कमी करा," म्हणून ओरडायचा. मी मुलीची बाजू घ्यायचे, आणि मनात म्हणायचे, चला, अकरावीतल्या पोरीच्या कानांइतके तरी माझे कान शाबूत आहेत.

रविवार मात्र टळत नव्हता. न जाण्याचं कारण काय सांगणार? मी जायला लागले ते चोरासारखी. बासरी, संतूर, उंच आवाजाच्या गायिका असल्याच कॅसेटी नेऊ लागले, ज्यात माझं अडायचं नाही. पण ती न गुंडाळायची कॅसेट चहाडी करायची. संथ भाग मला पोकळ लागायचे, म्हणून मी पुढे पळवायचे आणि द्रुत सुरू झालं की ऐकायचे. त्यामुळे माझी कॅसेट दर वेळी शेवटाकडेच थांबलेली. हे कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून मी निघण्याआधी बॉलपेन चाकात घालून फीत मागे फिरवायला लागले. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत बसून पेन फिरवत असायचे आणि समोर खारघरच्या डोंगरावर ऊन उतरत असायचं. मुलगी म्हणाली, "आई, टेप असताना हाताने का गुंडाळतेस?" मी म्हटलं, वीज वाचते.

"सध्या काय ऐकताय, ताई?" असं साहेबांनी विचारलं की पूर्वी मी तासभर बोलायचे. आता एका वाक्यात उत्तर देऊन उपम्याची बशी पुढे ओढायचे. दुसऱ्या कोणी कॅसेट लावली की मी आधी इतरांचे चेहरे वाचायचे, मग मत द्यायचे. अगदी आई करायची तसं, अर्धा क्षण उशिरा.

एका रविवारी साहेबांनी माझी कॅसेट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि डेकमध्ये न घालता तशीच टेबलावर ठेवली.

"ताई, एक विचारू? तुमची कॅसेट हल्ली नेहमी बरोबर मधोमध थांबलेली असते. दोन्ही चाकांवर सारखी फीत. पट्टीने मोजून थांबवता का काय?"

ते हसत होते. ड्राफ्ट्समनची नजर, दुसरं काय! काका हसले, बाई हसल्या. मला तो दुर्मीळ कॅसेटवाला नवा माणूस आठवला. माझे कान लाल झाल्याचं मला जाणवलं, कानांना तेवढं अजून जमत होतं.

"मला डग्गा ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"कुठल्या कॅसेटमधला?" काकांनी विचारलं.

"कुठल्याच."

खोलीत कुणी काही बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मग मी सगळं सांगून टाकलं: कपाटाचं दार, फ्रिज, बॉलपेन. आई तेवढी सांगितली नाही. बोलताना माझा आवाज किती मोठा येतोय तेही मला कळत नव्हतं.

"पण मग," काका चाचरत म्हणाले, "माझ्या कॅशेटीत डग्गा व्हता?"

"होता."

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा पुसायला लागले. "मला येत होता ऐकू," ते अखेर म्हणाले. "पण तुम्ही नाही म्हणालात म्हटल्यावर मला वाटलं, माझ्याच कानांना भास होतोय." उरणच्या बाईंनी खाली मान घालून सांगितलं, मलाही येत होता. काकांनी कपाळाला हात लावला. "आन् मी तिकडं दुकानदाराची आय-बहीन काढून आलो!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले, खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग साहेबांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, चहा आणला, आणि काका माझ्याकडे वाकून, लिलावात ओरडावं तसे ओरडले, "ताई! च्या! घ्या!"

ते मला धीर देत होते, हे मला कळत होतं. पण सुरुवात झाली, मला वाटलं. आधी ओरडतात. मग कंटाळतात.

त्या दिवशी मी बाईंना सोडायला बस स्टॉपपर्यंत गेले. त्यांची बस समोरून गेली तरी चढल्या नाहीत. "उद्याच दाखवून या," म्हणाल्या. "तुमी घाबरता ते कळतंय. पण न दाखवता घाबरलात तर भीती दुप्पट." त्या माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलल्या आणि रिक्षाच्या भर्रकन् आवाजातही मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांनी एक चिमट्यासारखी वस्तू गुडघ्यावर आपटून माझ्या कानासमोर धरली. काही नाही. मग तिचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि डोक्यात घंटा वाजली! मी दचकून मागे सरले. डॉक्टरांना मात्र बरं वाटलेलं दिसलं. कानात आत तीन बारीक हाडं असतात, ते म्हणाले, त्यातलं शेवटचं, तांदळाच्या दाण्याहून लहान, ते तुमचं जाम झालंय. म्हणून खालचे सूर आधी गेले. गोंगाटात लोक मोठ्याने बोलतात, म्हणून तिथे बरं ऐकू येतं; स्वतःचा आवाज हाडातून मोठा येतो, म्हणून हळू बोलता; म्हणूनच हेडफोन दाबून लावला की चालतं. डोक्यात काही बिघाड नाही.

"घरात कुणाला होतं?"

"आईला."

"बाळंतपणानंतर वाढलं असेल." त्यांनी न विचारताच लिहून घेतलं. "मुलगी आहे तुम्हाला? हे घराण्यातून येऊ शकतं. येईलच असं नाही, पण लक्ष ठेवा."

मला ते वाक्य त्या दिवशी ऐकू आलं, पण आत गेलं नाही. मी आईचा विचार करत होते. तांदळाच्या दाण्याहून लहान. इतकी वर्षं ती आमच्याकडे वळून विचारत राहिली, आणि वारं शिरलं म्हणून आम्ही कुणी तिला एका डॉक्टरकडेही नेलं नाही. दवाखान्यातच मला रडू कोसळलं. डॉक्टरांना वाटलं मी माझ्यासाठीच रडतेय.

ऑपरेशन करता येतं, ते म्हणाले. ते हाड काढून तिथे बारीक कृत्रिम तुकडा बसवायचा. बहुतेकांना फायदा होतो. क्वचित एखाद्या पेशंटचा तो कान कायमचा जातो.

"तो एखादा पेशंट दिसतो कसा?" मी विचारलं.

ते हसले. "तुमच्या-माझ्यासारखाच."

मी हो म्हणायला बरेच आठवडे घेतले. जे थोडं उरलंय तेही जाईल, या भीतीने मी घरात प्रत्येक आवाज साठवायला लागले. कुकरची शिट्टी, मुलीच्या पैंजणांचा आवाज, नवऱ्याचं घोरणंसुद्धा. उद्या आपण या सगळ्याशिवाय जगायचं असेल तर कसं जगायचं याची रंगीत तालीम म्हणून कानांत बोळे घालून स्वयंपाक करून बघितला, आणि फोडणी करपली. शेवटी हो म्हटलं ते शौर्यामुळे नाही. काकांचा "च्या! घ्या!" दर रविवारी ऐकण्यापेक्षा टेबलावर झोपणं बरं वाटलं.

भूल फक्त कानापुरती दिली होती. चेहऱ्यावर हिरवं कापड, आणि मी पूर्ण जागी. कानात काहीतरी खरवडलं जात होतं, डोंगर फोडत असल्यासारखा आवाज डोक्यात भरून राहिला होता. माझ्या बोटांनी टेबलाची कड सोडली नाही. मग ते थांबलं. अचानक दूर कुठेतरी एक जाड, सलग घुमणं सुरू झालं. मला वाटलं झालं, गेला कान. मी ओरडले, "काहीतरी घुमतंय!"

"एसी आहे तो," डॉक्टर म्हणाले, आणि कापडामागे कुणीतरी हसलं.

कानातला बोळा काढेपर्यंतचे दिवस चक्कर येण्यात आणि हे खरं होतं का भास होता या धास्तीत गेले. बोळा निघाला तेव्हा रस्ता एकदम अंगावर आला. घरी आल्यावर मी आधी काकांची कॅसेट लावली, आणि कपाटाला हात न लावता खोलीच्या मधोमध उभी राहिले. डग्गा आला. जाडजूड, ओला, खोलीच्या फरशीतून चालत आल्यासारखा. नवरा म्हणाला, "ते घुम् घुम् आलं का?" मी म्हटलं, आलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

पहिल्याच रविवारी साहेबांनी विचारलं, "सध्या काय ऐकताय?"

"सध्या मी फ्रिज ऐकतेय," मी म्हणाले. काका इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. पण ते खरंच होतं. तो फ्रिज भयंकर आवाज करायचा. घरघर करत सुरू व्हायचा, धक्का देऊन थांबायचा. शेजारीण त्या दिवशी तशी का बघत होती, ते मला आता कळलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, टीव्ही बंद, नवरा अजून आला नव्हता. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फ्रिजला पाठ लावूनच म्हणा ना, अभ्यास करत बसली होती. मी भाजी चिरत होते. फ्रिज सुरू झाला.

"किती घरघरतो गं हा," मी म्हणाले. "तुला अभ्यास कसा सुचतो?"

तिने मान वर केली. "कोण घरघरतो?"

"हा काय!"

ती थांबली, ऐकल्यासारखं केलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली, अर्धा क्षण उशिरा. "काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. विळी तशीच टाकून मी उठले. भाजीच्या ओल्या हाताने तिचा हात धरला, मागे वळवला आणि तळहात फ्रिजच्या दारावर टेकवला.

"थरथरतंय," ती म्हणाली. "बापरे, किती हलतो हा! पण आवाज कुठाय?"

"उद्या वाशीला जायचं," मी म्हणाले. "माझ्या डॉक्टरांकडे. कॉलेजला दांडी मार. कळलं का? ऐकलंस का मी काय म्हणाले ते?"

तिने हात सोडवून घेतला. "ऐकलं ना, आई," ती म्हणाली. "एवढी ओरडतेस काय?"